नांदेड-लातूरच्या आभाळातले फुगे आणि होमी भाभा

हैदराबादहून टीआयएफआर संस्थेचे संशोधनाचे फुगे सुटणार असले की आधी जाहीर सूचना निघते. उपकरणं पॅराशूटने कुठे उतरू शकतात त्या जिल्ह्यांची यादी त्यात असते, आणि तिच्यात नांदेड, लातूरही येऊन गेलेत. शेतात असा डबा दिसला तर उघडू नका, पोलिसांना कळवा, नाहीतर आतली मोजणी वाया जाईल, असं सांगितलेलं असतं.

आज हे फुगे बरंच काही मोजतात. पण सुरुवात झाली ती कॉस्मिक किरणांपासून, म्हणजे अवकाशातून सतत येणाऱ्या वेगवान कणांपासून. त्यामागे होते होमी भाभा. अणुभट्टीवाले भाभा सगळ्यांना माहीत आहेत, हे भाभा जरा कमी.

जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबई. घरच्यांना वाटायचं, पोराने केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावं. (लातूरच्या क्लासवाल्या पोरांना हे ओळखीचं वाटेल.) भाभांचं मन मात्र भौतिकशास्त्रात. वडिलांशी सौदा ठरला: आधी इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास, मग गणिताचा खर्च. १९३० मध्ये त्यांनी तो काढला आणि सुटले.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी कणांच्या वर्षावाचं गणित मांडलं. वेगवान इलेक्ट्रॉन धातूत शिरला की फोटॉन सोडतो, फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते, ती जोडी पुन्हा फोटॉन सोडते. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डसारखं, एकाचे बघता बघता शेकडो. आता यानात बसलेल्या माणसाचा विचार करा. तिथे मुख्यतः प्रोटॉन आणि जड अणुकेंद्रं येतात, त्यांची साखळी वेगळी असते, पण अडचण त्याच जातीची: भिंतीला धडकून नवे कण उडतात. म्हणून नुसती भिंत जाड करून भागत नाही. किरणोत्साराचा डोस यानाच्या आतच मोजावा लागतो.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध पेटलं आणि इथेच अडकले. माझ्या मते भारतीय विज्ञानाला लागलेली ही लॉटरीच. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी कॉस्मिक किरणांचा विभाग उभा केला. गायगर काउंटर एकाखाली एक लावायचे आणि कण सगळ्यांतून एकदम गेला तरच मोजायचा. त्यामुळे दिशाही कळते. १९४४ मध्ये हे यंत्र अमेरिकी लष्करी विमानातून ३०,००० फुटांवर नेलं.

बंगळुरूच का महत्त्वाचं? ते चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेचे कण परतवून लावतं, जबरदस्त ऊर्जेचेच आत येतात. उत्तरेकडे जावं तशी ही चाळणी सैल होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतं, तेव्हा त्या एका फेरीतच डोसचा आकडा वरखाली होतो तो यामुळेही. तिथे दिवसाला सरासरी अर्धा मिलीसिव्हर्ट किंवा थोडा जास्त डोस बसतो, म्हणजे छातीचे कित्येक एक्स-रे. रोज. आता तिथे मोजणीसाठी टाइमपिक्स नावाची चिपही आहे, तुमच्या मोबाइल कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या नात्यातली.

१९४५ मध्ये टीआयएफआर सुरू झाली. रबरी फुगे आले, मग संस्थेत बनलेले पॉलिथिनचे, पुढे हैदराबादचा तळ. भाभा २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवर विमान अपघातात गेले, वय ५६.

१९८५ मध्ये टीआयएफआरचं ‘अनुराधा’ हे उपकरण चॅलेंजर यानातून सुमारे ३५० किलोमीटरवर गेलं. त्यात खास प्लॅस्टिकचे थर एकमेकांवर सावकाश फिरत होते. दोन्ही थरांतला माग जुळवला की कण किती वाजता आला ते कळायचं, वेळेवरून यान तेव्हा कुठे होतं ते, आणि त्यावरून तिथली चुंबकीय चाळणी किती घट्ट होती ते.