परदेशी कॅमेरा परवडेना, मग कोल्हापूरच्या मेस्त्रींनी सिनेमाचा कॅमेराच बनवून टाकला

आज कोल्हापुरातल्या एखाद्या पोराला आपल्या गाडीचं इंजिन किती तापलंय, बॅटरी कितपत चार्ज आहे हे सांगणारं यंत्र स्वतः बनवायचं असेल, तर फार अडत नाही. कॉम्प्युटरवर सर्किट बोर्ड आखायचा, फाईल कारखान्याला पाठवायची, थोड्या दिवसांत बोर्ड घरपोच. पार्ट ऑनलाईन मिळतात आणि कुठं अडलंच तर व्हिडिओ आहेतच.

आता शंभर वर्षं मागे जाऊ. गाव तेच, कोल्हापूर. बनवायचाय सिनेमाचा कॅमेरा. नकाशा नाही, पुस्तक नाही, पार्ट नाहीत, विचारायला माणूस नाही. तरीही तो कॅमेरा बनला आणि चालला.

बनवणारा माणूस होता बाबूराव कृष्णराव मेस्त्री. अख्खा महाराष्ट्र त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. वडील कृष्णराव हे हाडाचे कारागीर. लाकूड, धातू, रंग, मूर्ती, सगळ्यात त्यांचा हात चालायचा. बाबूराव कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत. जे शिकले ते घरात, बघून आणि करून.

त्यांच्या जोडीला होते चुलतभाऊ आनंदराव. या दोघांनी नाटकांचे पडदे रंगवायला घेतले. संगीत नाटकांचा तो सुवर्णकाळ होता. शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कोल्हापुरात गाणं, नाटक, चित्रकला, कुस्ती सगळंच जोरात होतं. आनंदराव आणि बाबूरावांनी रंगवलेला राजवाडा किंवा जंगल पडद्यावर आलं की प्रेक्षक नट येण्याआधी पडद्यालाच टाळ्या द्यायचे, असं सांगतात. ‘पेंटर’ हे नाव मिळालं ते यातून.

तर झालं असं की १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. चित्रं हलतात, हे बघून दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. आपणही सिनेमा काढायचा, हे ठरलं.

पण कॅमेरा आणायचा कुठून?

फाळके त्यासाठी थेट लंडनला गेले होते आणि तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. कोल्हापूरच्या पडदे रंगवणाऱ्या भावांना तो खर्च झेपणारा नव्हता. त्यात १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी माल मिळणं आणखी अवघड झालं.

मग त्यांनी दुसरी वाट धरली. मुंबईतून एक जुना प्रोजेक्टर मिळवला. सिनेमे दाखवायला तर तो उपयोगी होताच, पण त्याचा खरा उपयोग वेगळा होता. हलती चित्रं दाखवणारं यंत्र आतून कसं चालतं, हे त्यातून समजणार होतं.

इथं थोडं यंत्र समजून घेऊ. प्रोजेक्टर आणि सिनेमाचा कॅमेरा ही सख्खी भावंडं. फिल्म सरळ सरकत राहिली तर पडद्यावर नुसता धुरळा दिसेल. म्हणून दोन्हींत फिल्म क्षणभर थांबते, मग एक चित्र पुढे सरकते, पुन्हा थांबते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात आणि एका चित्रामागे प्रत्येक बाजूला चार. फिल्म सरकत असते तेव्हा शटर प्रकाश अडवतं, थांबली की सोडतं. मूकपटाच्या काळात हे सगळं हँडल फिरवून, सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं.

फरक एवढाच की प्रोजेक्टर उजेड बाहेर फेकतो आणि कॅमेऱ्यात फक्त भिंगातूनच उजेड आत यावा लागतो. पेटीला सुईएवढी फट राहिली तरी कोरी फिल्म बाद. दात्यांच्या चाकात केसभर फरक पडला तर पडद्यावर माणूस थरथरताना दिसणार. हातात कानस घेऊन, लेथवर एकेक भाग कातून एवढी अचूकता आणायची, हे काम होतं.

काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले.

ज्या भावाबरोबर हे स्वप्न पाहिलं, तोच अर्ध्यावर निघून गेला. बाबूरावांनी तिथेच हत्यारं खाली ठेवली असती तर कुणी दोष दिला नसता. पण त्यांनी काम सोडलं नाही. त्यांच्यासोबत उभे राहिले विष्णुपंत दामले. यंत्रांत डोकं चालणारा हा सहकारी बाबूरावांना आयुष्याच्या नेमक्या वळणावर भेटला होता. दोघांनी मिळून १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला.

त्याच सुमारास उभी राहिली महाराष्ट्र फिल्म कंपनी. यंत्र बनलं तरी सिनेमाला पैसा लागतोच. तो दिला कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी. कोल्हापूरच्या सिनेमाची गोष्ट सांगताना हे नाव गाळून चालणार नाही.

पहिला सिनेमा होता ‘सैरंध्री’. १९२० साली पुण्यात आर्यन थिएटरला तो लागला. त्यातल्या स्त्री भूमिका स्त्रियांनीच केल्या. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती, हे लक्षात घेतलं की याचं मोल कळतं. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक घाबरले आणि पुढं तो भाग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचं कौतुक केलं आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी त्यांच्या नावाला जोडली गेली.

यानंतर गाडी सुसाट निघाली. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केलं. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये देवादिक आणि राजेमहाराजे बाजूला ठेवून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. ना. ह. आपटे यांच्या कथेवरचा हा सिनेमा. त्यातला तरुण शेतकरी होता व्ही. शांताराम. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी गिरणीत कामाला शहर गाठतो, हे त्या काळी पडद्यावर दाखवणं सोपं नव्हतं.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही एक शाळाच होती. सेट, पोशाख, पोस्टर, कॅमेरा, सगळं तिथेच शिकायचं आणि तिथेच करायचं. पण शिकलेली माणसं एक दिवस स्वतःचं काहीतरी उभं करतातच. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींच्या साथीनं त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. कॅमेऱ्याच्या वेळी साथ देणारे दामलेच निघून गेले. त्यात बोलपट आले. महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ तग धरू शकली नाही.

बाबूरावांनी पुढं ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे बोलपट केले, १९३६ ला ‘सावकारी पाश’ पुन्हा बोलपट म्हणून बनवला. पण मूकपटांच्या वेळचा तो दरारा परत आला नाही. ते चित्रकला आणि शिल्पकलेत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज पाहायलाही मिळत नाहीत. पण प्रभातचे सिनेमे आहेत, शांतारामांचे सिनेमे आहेत आणि त्या सगळ्यांचं मूळ कोल्हापुरातल्या त्या एका पेटीत आहे.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. गावात चौकाचौकांत राजे आणि पुढाऱ्यांचे पुतळे असतात. इथं मात्र एका यंत्राला मान दिलाय. रंकाळ्याकडे जाताना वाट थोडी वाकडी करून तो एकदा नक्की बघा.