वाचा देणारे शल्यविशारद : व्हिक्टर व्हो

टाळू दुभंगलेल्या बालकाचे दूध नाकावाटे बाहेर येते. पुढे शब्दांचा वाराही नाकावाटेच निसटतो. अशा मुलांसाठी पॅरिसचे शल्यविशारद व्हिक्टर व्हो (१८७१–१९४९) यांनी आयुष्य वेचले. नुसती फट बुजवून त्यांचे समाधान होत नसे. मूल स्पष्ट बोलले, तरच शस्त्रक्रिया यशस्वी, ही त्यांची कसोटी! म्हणून ते टाळूच्या मागील भागातले फाकलेले स्नायूही एकत्र शिवीत. मुलांचे उच्चार पारखण्यासाठी व सुधारण्यासाठी त्यांनी ध्वनिशास्त्राच्या अभ्यासक सुझान बोरेल-मेझोनी यांना सोबत घेतले. फ्रान्समधील वाचोपचाराचा पाया या सहकार्यातून घातला गेला. १९३१ च्या ग्रंथात व्हो यांनी दुभंगाचे चार प्रकार मांडले. ते वर्गीकरण आजही वापरात आहे. भाषेच्या अभ्यासाचे मोल आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना याहून अधिक ते काय सांगावे?