टर्बाईनचा वेग कोण सांभाळतं? गव्हर्नर आणि मॅक्सवेलची गोष्ट

संध्याकाळी सातला घरोघरी दिवे लागतात, मिक्सर फिरतात, फोन चार्जिंगला लागतात. विजेची मागणी झपाट्याने वाढते, पण ग्रिडची फ्रिक्वेन्सी मात्र 50 हर्ट्झच्या आसपासच राहायला हवी. लोड वाढला की जनरेटर फिरवायला जड जातो आणि टर्बाईनचा वेग उतरू लागतो. तेव्हा गव्हर्नर कामाला लागतो. वेग कमी झाला की तो वाफेचा किंवा पाण्याचा मार्ग जास्त उघडतो, आणि वेग वाढला की आवळतो.

सोपं वाटतं ना? पण गडबड इथेच आहे. कधी कधी हाच गव्हर्नर वेग सावरायच्या ऐवजी बिघडवतो. असं का होतं, याचं गणित ज्याने मांडलं, त्याच्याच समीकरणांवर तुमच्या फोनचं नेटवर्कही चालतं. त्याचं नाव जेम्स क्लर्क मॅक्सवेल.

शाळेतला 'वेडा'

मॅक्सवेलचा जन्म 1831 चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचा. बालपण ग्लेनलेअर या गावाकडच्या घरात गेलं. तो आठ वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली. शाळेत त्याचे गावठी कपडे आणि बोलणं ऐकून मुलांनी त्याला वेडा ठरवलं. त्याच मुलाने चौदाव्या वर्षी अंडाकृती वक्रांवर निबंध लिहिला.

पुढे केंब्रिजला 1854 च्या गणिताच्या परीक्षेत तो दुसरा आला. पहिला आला एडवर्ड राउथ. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

शनीची कडी

ॲबर्डीनमध्ये प्राध्यापक असताना मॅक्सवेलने शनीच्या कड्यांचा प्रश्न हातात घेतला. कडी एकसंध असती, तर जरासा धक्का बसताच तिचा तोल गेला असता. म्हणून ती असंख्य सुट्या तुकड्यांची असली पाहिजे, असं त्याने गणिताने दाखवलं. या कामाला 1857 चं ॲडम्स पारितोषिक मिळालं. धक्का बसल्यावर एखादी गोष्ट सावरते की विस्कटते, हा प्रश्न त्याच्या डोक्यात तेव्हापासून होता.

तरीही 1860 मध्ये दोन कॉलेजं एकत्र झाली आणि त्याची नोकरी गेली. मग तो लंडनच्या किंग्ज कॉलेजात आला.

गव्हर्नरशी गाठ

लंडनमध्ये विजेच्या रोधाचं प्रमाण, म्हणजे ओहम, ठरवायचं काम चालू होतं. त्यासाठी तारेचं वेटोळं अगदी एकसारख्या वेगाने फिरत ठेवावं लागे. वेग सांभाळायला त्याचा सहकारी फ्लीमिंग जेनकिन याने बनवलेला गव्हर्नर होता.

वाफेच्या इंजिनांवर जेम्स वॅटचा गव्हर्नर 1788 पासून होताच. वेग वाढला की त्याचे दोन फिरते गोळे बाहेर फाकतात आणि वाफेचा व्हॉल्व्ह आवळला जातो. पण काही इंजिनांचा वेग सतत वर-खाली होत राही.

हे कसं होतं? बादलीत गरम-गार पाणी जुळवताना आठवा. नळ फिरवला तरी गरम पाणी यायला वेळ लागतो. आपण घाईने अजून फिरवतो आणि चटका बसतो. मग उलट फिरवतो, तर पाणी एकदम गार! सुधारणा उशिरा आणि जास्त झाली की तीच नवी चूक होते.

1868 चा निबंध

1865 मध्ये नोकरी सोडून मॅक्सवेल ग्लेनलेअरला परतला होता. 1868 मध्ये त्याने गव्हर्नरवरचा निबंध रॉयल सोसायटीकडे दिला. त्यात त्याने दोन प्रकार वेगळे केले. पहिल्यात लोड बदलला की वेगात थोडा फरक उरतो. दुसरा वेग परत मूळ आकड्यावर आणतो, आणि त्यालाच तो खरा गव्हर्नर म्हणतो. मग धक्क्यानंतरचे हेलकावे विरतील की वाढतील, हे यंत्राच्या समीकरणावरून आधीच कसं ओळखायचं ते त्याने दाखवलं.

पण गुंतागुंतीच्या यंत्रांसाठी सरसकट लागू पडेल असा नियम त्याला सापडला नाही. तो शोधला राउथने, म्हणजे परीक्षेत पहिल्या आलेल्या त्याच वर्गमित्राने. त्या कामाला 1877 चं ॲडम्स पारितोषिक मिळालं. आजही इंजिनिअरिंगची मुलं कंट्रोल सिस्टिम्समध्ये राउथचा नियम शिकतात.

आजचा टर्बाईन

कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रात हा प्रश्न आणखी अवघड होतो. गेट एकदम उघडलं, तर लांब पाइपातलं पाणी लगेच वेग घेत नाही. टर्बाईनजवळचा दाब क्षणभर उतरतो आणि वीज वाढायच्या ऐवजी थोडी कमीच होते! घाईचा गव्हर्नर यावर गेट आणखी उघडेल. म्हणून त्याला मुद्दाम सबुरी शिकवलेली असते.

मॅक्सवेलचे दोन्ही प्रकार ग्रिडमध्ये आजही दिसतात. आधी अनेक केंद्रांचे गव्हर्नर वेगात थोडा फरक चालवून घेत वाढलेला लोड आपसात वाटून घेतात. मग वरची नियंत्रण यंत्रणा फ्रिक्वेन्सी परत 50 कडे आणते.

मॅक्सवेल 1879 मध्ये, अवघ्या 48 व्या वर्षी, आईसारखाच पोटाच्या कॅन्सरने गेला. त्याने सांगितलेल्या विद्युतचुंबकीय लहरी आठ-नऊ वर्षांनी हाइनरिश हर्ट्झने प्रयोगात पकडल्या. टर्बाईनचा गव्हर्नर रात्रंदिवस जे 50 हर्ट्झ सांभाळतो, ते एकक त्याच हर्ट्झच्या नावाचं आहे.