विश्लेषण : ‘बेकर स्ट्रीट’चे गायक जेरी रॅफर्टी प्रसिद्धीपासून दूर का राहिले?

सॅक्सोफोनच्या सुरावटीमुळे ‘बेकर स्ट्रीट’ हे गाणे जगभर ओळखले जाते. ते लिहिणारे आणि गाणारे स्कॉटिश कलाकार जेरी रॅफर्टी मात्र अनेकांना ठाऊक नाहीत. असे का झाले?

जडणघडण कशी झाली?

कोयरीच्या नक्षीला इंग्रजीत ज्या गावाचे नाव मिळाले, त्या ग्लासगोजवळच्या पेझलीत १६ एप्रिल १९४७ रोजी रॅफर्टी यांचा जन्म झाला. घर कामगाराचे. वडील मद्यपी, १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. आईने शिकवलेली आयरिश आणि स्कॉटिश लोकगीते हेच त्यांचे पहिले संगीतशिक्षण. पुढे विनोदवीर म्हणून गाजलेले बिली कॉनोली यांच्यासह ते ‘हंबलबम्स’मध्ये गाऊ लागले.

यशानंतर तीन वर्षे मौन का?

१९७२ मध्ये रॅफर्टी आणि जो इगन यांनी ‘स्टीलर्स व्हील’ हा बँड स्थापन केला. ‘स्टक इन द मिडल विथ यू’ हे त्यांचे गाणे १९७३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या दहांत पोहोचले. मात्र १९७५ मध्ये बँड फुटला आणि करारांचा वाद सुरू झाला. सुमारे तीन वर्षे रॅफर्टींना नवी गाणी प्रकाशित करता आली नाहीत. वकिलांना भेटण्यासाठी ते स्कॉटलंडहून लंडनला खेपा घालत आणि बेकर स्ट्रीटलगत मित्राकडे उतरत. त्या दिवसांतला थकवा आणि घरची ओढ या गाण्यात उतरली.

१९७८ मध्ये काय घडले?

वाद मिटल्यावर ‘सिटी टू सिटी’ हा अल्बम आला. अमेरिकेत त्याने ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ला अव्वल स्थानावरून हटवले. ‘बेकर स्ट्रीट’ तेथे दुसऱ्या, तर ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेले. त्यातील सॅक्सोफोन राफाएल रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी वाजवला होता.

मग माघार का?

संगीत व्यवसायातील झगमगाट रॅफर्टींना मानवला नाही. यश शिखरावर असताना त्यांनी अमेरिकेचा दौरा नाकारला. पुढचे अल्बम तेवढे खपले नाहीत. १९८७ मध्ये ‘द प्रोक्लेमर्स’च्या ‘लेटर फ्रॉम अमेरिका’ या गाण्याची सहनिर्मिती त्यांनी केली. मद्याचे व्यसन मात्र सुटले नाही. यकृत निकामी होऊन ४ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ६३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा काय?

क्वेंटिन टॅरँटिनो यांच्या ‘रिझरव्हॉयर डॉग्ज’ (१९९२) चित्रपटाने ‘स्टक इन द मिडल’ नव्या पिढीपर्यंत नेले. त्यांच्या मुलीने पूर्ण केलेला ‘रेस्ट इन ब्लू’ हा अल्बम २०२१ मध्ये आला. करारांच्या कचाट्यात कलाकाराची उमेदीची वर्षे कशी वाया जातात, याचे रॅफर्टी हे उदाहरण. आणि त्याच वर्षांनी त्यांना त्यांचे सर्वात मोठे गाणे दिले.