धोक्याची सूचना देणारे प्रथिन : डॉ. ॲलिक आयझॅक्स यांचे जीवन व कार्य

वाचकहो, फ्लूचा ताप आला म्हणजे अंग मोडून येते, सांधे ठणकतात, अंथरुणातून उठवत नाही. पण फ्लूचा विषाणू तर मुख्यतः नाक, घसा आणि फुप्फुसांतच वाढतो. मग पाय का दुखावेत, असा प्रश्न आपल्याला कधी पडला आहे काय? याचे उत्तर असे की, हा त्रास बराचसा विषाणू देत नाही, आपलेच शरीर देते. शत्रू घरात शिरल्याबरोबर आपल्या पेशी काही प्रथिने सोडून सर्वांना सावध करतात, आणि ताप व अंगदुखी ही त्या हाकाटीचीच खूण असते. या प्रथिनांपैकी इंटरफेरॉनचा शोध ज्यांनी लावला, त्या डॉ. ॲलिक आयझॅक्स यांचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आयझॅक्स यांचा जन्म १७ जुलै १९२१ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी झाला. त्यांचे घराणे लिथुआनियातून तेथे येऊन स्थायिक झालेले ज्यू कुटुंब होते. ग्लासगो विद्यापीठातून १९४४ साली ते डॉक्टर झाले. पण दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी संशोधनाची वाट धरली. शेफील्ड येथे त्यांनी इन्फ्लुएन्झाचा अभ्यास आरंभिला. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे गेले व थोर विषाणुशास्त्रज्ञ मॅकफार्लन बर्नेट यांच्या हाताखाली शिकले. तेथेच त्यांचा विवाहही झाला. मायदेशी परतल्यावर उत्तर लंडनमधील मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ते रुजू झाले.

त्या काळी विषाणुशास्त्रात एक कोडे होते. एका विषाणूची लागण झालेल्या प्राण्यास दुसऱ्या विषाणूची बाधा सहसा होत नाही, हे १९३० नंतरच्या दशकातच ध्यानात आले होते. या अडथळ्याचे कारण मात्र उलगडले नव्हते. १९५६ साली झ्युरिकहून ज्याँ लिंडेनमान नावाचे तरुण स्विस संशोधक मिल हिलला आले. त्यांनाही याच कोड्याने पछाडले होते. दोघांनी मिळून जो प्रयोग केला, तो समजण्यास अगदी सोपा आहे.

कोंबडीच्या अंड्यातील गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याचे तुकडे त्यांनी घेतले आणि उष्णता देऊन निष्क्रिय केलेल्या फ्लूच्या विषाणूसह ते द्रवात ठेवले. काही तासांनी ते तुकडे काढून टाकले व उरलेल्या द्रवात नवे, ताजे तुकडे बुडविले. मग या ताज्या तुकड्यांवर जिवंत विषाणू सोडला. आश्चर्य असे की, त्याची वाढ खुंटली! म्हणजे पहिल्या तुकड्यांतील पेशींनी द्रवात काहीतरी सोडले होते आणि त्याने नव्या पेशींना आधीच सावध केले होते. या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन, म्हणजे अडथळा आणणारा, असे नाव दिले. १९५७ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनाही १९५४ साली अशाच पदार्थाची चाहूल लागली होती, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

शोध लागला, पण सत्त्वपरीक्षा पुढेच होती. हा पदार्थ इतका अल्प मिळे की तो शुद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. असा काही पदार्थच नाही, असे म्हणून थट्टा करणारेही निघाले. लिंडेनमान स्वदेशी परतले. डेरेक बर्क या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने आयझॅक्स झटत राहिले. १९६२ मध्ये स्वयंसेवकांवर चाचणी झाली. कातडीत इंटरफेरॉन टोचलेल्या जागी देवीच्या लशीचा विषाणू बहुधा रुजू शकला नाही. सर्दीवर मात्र त्या वेळी गुण आला नाही, आणि लोकांच्या वाढलेल्या आशा मावळल्या.

याच वर्षांत आयझॅक्स यांना तीव्र नैराश्याच्या विकाराने ग्रासले. १९६४ साली मेंदूत रक्तस्राव झाला. तरीही बरे वाटताच ते पुन्हा प्रयोगशाळेत येत. १९६६ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना लाभले, आणि २६ जानेवारी १९६७ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शुद्ध इंटरफेरॉन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पण लावलेले रोप वाढतच होते. फिनलंडमध्ये कारी कांटेल यांनी रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून इंटरफेरॉन मिळविले. १९८० साली झ्युरिकच्या चार्ल्स वाइसमान यांनी जीवाणूंकडून मानवी इंटरफेरॉन तयार करवून घेतले. १९८६ मध्ये अमेरिकेत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. पुढे कित्येक वर्षे यकृतदाहाच्या, म्हणजे हेपॅटायटिसच्या, रोग्यांनाही ते दिले जात असे.

आणि २०२० साली कोविडची साथ आली, तेव्हा या शोधाचे मोल नव्याने कळले. एकाच रोगाने कुणी चार दिवसांत बरा होई, तर कुणी प्राणास मुके. असे का? संशोधकांनी अत्यवस्थ अशा ९८७ रोग्यांचे रक्त तपासले. त्यांतील १०१ जणांच्या शरीरात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिद्रव्ये आढळली. सौम्य आजार झालेल्या ६६३ जणांत अशी प्रतिद्रव्ये एकाच्याही रक्तात नव्हती. पहारेकऱ्याची हाक दाबली गेली, की शत्रूला रान मोकळे मिळते. मग उशिरा जागे झालेले शरीर इतर संदेशक प्रथिने बेसुमार सोडते व त्या वणव्यात स्वतःचीच फुप्फुसे होरपळतात. म्हणूनच इस्पितळात दाखल झालेल्यांना इंटरफेरॉन देऊन मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाही. उलट, प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रोग्यांत हा दाह शमविणाऱ्या डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने मृत्यू कमी झाले.

वाचकहो, तेच शरीर, त्याचीच प्रथिने. वेळेवर व बेताने आली तर तारक, उशिरा व अतोनात आली तर मारक. हे रहस्य उलगडण्याचा एक आरंभ अंड्यातील पडद्याच्या तुकड्यांपासून झाला. आपल्या मुलामुलींच्या शाळेतील साधी काचपात्रे पाहाल, तेव्हा याची आठवण ठेवा. आणि एखादा हुशार विद्यार्थी मनाने खचलेला दिसला, तर त्याला आळशी म्हणून झिडकारू नका. त्याला आधार द्या, उपचार मिळवून द्या. आयझॅक्सही खचले होते, आणि तरीही त्यांच्या हातून जे घडले त्याचा उपयोग त्यांच्यामागे कितीतरी रोग्यांना झाला.