घाबरलेल्या लेकींची माय : सावित्रीमाई फुले

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत तुम्हीही चार ओळी लिहा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. आम्ही गिरणी कामगार. शाळा थोडी, वाचन मात्र रात्रपाळी करूनही सोडलं नाही. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत जोतिरावांना गुरू मानले. त्या जोतिरावांच्या घरची माउली सावित्रीमाई. त्या शिक्षिका होत्या हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण अडलेल्या, भ्यालेल्या गरोदर बाईला त्यांनी दिलेला आधार फारसा कुणी सांगत नाही. तो आम्ही इथे सांगणार आहोत.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४० साली, नवव्या वर्षी लग्न झाले. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि त्या शिकवू लागल्या. जाता-येता अंगावर शेण-चिखल पडे, तरी त्या डगमगल्या नाहीत.

त्या काळी ब्राह्मण समाजात कोवळ्या वयात विधवा झालेल्या मुलीला दुसरे लग्न नव्हते. घरातलाच किंवा ओळखीतला कुणी पुरुष तिला फसवी आणि नामानिराळा राही. दिवस गेले की सगळा कलंक तिच्याच माथी. मग विषारी औषधे, नाहीतर विहीर. अशाच एका विधवेने बदनामीच्या भीतीने आपले तान्हे मूल मारले आणि तिला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा मोकळाच राहिला. जोतिराव आणि सावित्रीमाईंच्या जिवाला ही गोष्ट लागली.

१८६३ साली त्यांनी आपल्याच घरात, पदरच्या खर्चाने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर जाहिराती चिकटवल्या. विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे नाहीतर इथेच ठेवावे, असा त्यांचा आशय होता. ज्यांनी या घराला छळले त्यांच्याच लेकींसाठी माळ्याच्या घराचे दार उघडे झाले, हे विसरू नये. १८८४ सालापर्यंत पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्या. मुले मात्र त्यातली पाचच जगली होती, कारण बाकीच्यांना पोटात असतानाच औषधांनी इजा झाली होती. हा आकडा वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलो. बाई दारात यायच्या आधीच भीतीने आपले काम केलेले असे.

सावित्रीमाईंना स्वतःचे मूल नव्हते. १८७४ साली तिथेच एका विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला, शिकवून डॉक्टर केला. १८९० साली जोतिराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे माईंनी स्वतः धरले. १८९७ च्या प्लेगात यशवंताच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आता आमच्या चाळीतली गोष्ट. काही वर्षांपूर्वी एक सून बाळंत झाली. मुलगा गोरागोमटा, घरात पेढे. पण ही बाई रात्र-रात्र जागी, बाळ रडले तरी भिंतीकडे तोंड करून पडून. कुणी म्हणाले बाहेरचे लागले, कुणी म्हणाले नाटक करते. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेले आम्हीही गप्पच राहिलो. तिचे माहेरचे येऊन तिला डॉक्टरकडे घेऊन गेले म्हणून ती वाचली. बाळंतपणानंतर मन असे आजारी पडते, तो दोष नव्हे, दुखणे आहे आणि औषध-सल्ल्याने ते बरे होते, हे आम्हाला तेव्हा कळले. त्या गप्पपणाची लाज अजून वाटते.

बंधू-भगिनींनो, दोन आठवडे उलटूनही ओली बाळंतीण उदास असेल, रडत असेल, तर तिला आधी बसून ऐका. तिने स्वतःला किंवा बाळाला काही करायची भाषा केली, तर एक क्षणही एकटी सोडू नका, तडक दवाखाना गाठा. सरकारची टेली-मानस ही फोनसेवाही फुकट आहे. १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो.

माईंनी त्या पस्तीस जणींना दारात उभे करून जाब विचारला नाही. आपल्याही घरात तेवढे झाले, तरी त्यांची जयंती साजरी झाली असे आम्ही समजू.

जयभीम!