फुरसतीतले बाबासाहेब

परभणी जिल्ह्यात वस्त्या-वस्त्यांतून फिरताना एक गोष्ट नेहमी दिसते. विहारात पुस्तकांचे कपाट असते, पण त्याला कुलूप असते आणि किल्लीवाला जयंतीलाच भेटतो! अभ्यासिका उघडी असली तर तिथे स्पर्धा परीक्षेची गाईडे. नोकरीसाठी वाचावेच, त्यात गैर काही नाही. पण पोरगा कादंबरी घेऊन बसला किंवा नाटकाच्या तालमीला गेला की घरातले त्याला बाबासाहेबांच्या अठरा तास अभ्यासाचा दाखला देतात. हा दाखला अर्धाच आहे.

परळच्या चाळीतला शाळकरी भीमराव अवांतर वाचनाचा भुकेला होता. सुभेदार रामजींना ते फारसे पसंत नव्हते, पोराने आधी शाळेची पुस्तके वाचावीत असे त्यांना वाटे. तरी नवे पुस्तक मागितले की ते नाही म्हणत नसत. लेकीकडे जाऊन उसने पैसे आणत, नाहीतर तिचा दागिना गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवत. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते काही परीक्षेला नेमलेले पुस्तक नव्हते. १९५६ च्या धम्मक्रांतीची वाट तिथून सुरू होते.

१९१३ ला न्यूयॉर्क. तिथे नाटक-सिनेमासाठी ना पैसा होता ना वेळ. छंद एकच, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडण्याचा. सुमारे २००० पुस्तके जमवली, त्यातली बरीच भारतात पोचलीच नाहीत. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांना जागा मिळावी म्हणून. (घर बांधताना आपण आधी देवळीची नाही तर टीव्हीची जागा ठरवतो, हे जाता जाता.)

रंगभूमीशी नाते जुळले ते आपल्या मराठवाड्यात. १९५० साली औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले, तेच मिलिंद. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मुलखातली पोरे, परभणीकडची तर मीटरगेजच्या गाडीने, तिथे शिकायला जाऊ लागली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले, विद्यार्थ्यांनी ते बसवले आणि १९५५ मध्ये खुद्द बाबासाहेबांनी ते पाहिले. पुढच्या वर्षी नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळीही ते जनसमुदायापुढे झाले. दलित रंगभूमीची चर्चा या नाटकाला वगळून होत नाही. घटना लिहिलेला, प्रकृती ढासळलेला, अंगावर असंख्य कामे असलेला नेता पोरांचे नाटक बघायला बसतो, यातच सगळे आले.

उतारवयात ते व्हायोलिन शिकू लागले. चित्रकलेतही हात घातला. शिक्षक लावून, नव्या विद्यार्थ्यासारखे. सूर लागतो की नाही याची त्यांना फिकीर नसावी.

५ डिसेंबर १९५६ ची रात्र, दिल्लीचे अलीपूर रोडचे घर. बुद्धवंदनेची रेकॉर्ड लागली होती आणि तेही सोबत गुणगुणत होते. जेवायला जाताना त्यांनी कपाटांतली काही पुस्तके काढून पलंगाजवळ ठेवायला दिली. काठी टेकत निघाले तेव्हा ओठांवर कबीराचे पद होते. मग ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद नानकचंद रत्तूंकडून मागवून घेतले. सकाळी ते कागद पलंगाशेजारीच होते.